पगार किती होता त्याला?

मे महिन्यातली संध्याकाळ. बजाजनगरातल्या घरी कूलरमध्ये नुकतंच पाणी ओतलेलं आणि वाळ्याच्या ओल्या ताट्यांचा वास खोलीभर पसरलेला. ताईचा मुलगा सुट्टीला आला होता. फरशी गार लागते म्हणून तो पालथा पडून टॅबवर एक जुनं इंग्रजी कॉमिक वाचत होता. अण्णा खुर्चीत पेपर घेऊन बसले होते, पण लक्ष सगळं नातवाकडं. शेवटी न राहवून म्हणाले, "काय वाचायलास रे एवढं?" भाच्यानं मान वर न करता सांगितलं, "व्हिलन आहे आबा. बीटल. लोखंडी सूट घालतो, पंख आहेत, बोटांना सक्शन आहे, भिंतीवर चढतो." अण्णांनी विचारलं, "अन् हे समदं करायच्या आधी काय करायचा?" "आधी काही नाही. मेकॅनिक होता विमानाच्या पार्टच्या फॅक्टरीत. नोकरीला कंटाळला म्हणून सूट बनवला." अण्णांनी पेपरची घडी केली, चष्मा काढून त्यावर ठेवला आणि म्हणाले, "पगार किती होता त्याला?"

भाचा खो खो हसला. "असं थोडीच लिहितात आबा!" अण्णा हसले नाहीत. विषय तिथंच संपला, आई आंब्याचा रस घेऊन आली, भाचा उठून बसला. पण रात्री सगळे झोपल्यावर मी तो टॅब घेतला आणि गच्चीवर जाऊन ती गोष्ट पहिल्यापासून वाचली. दूर कुठल्यातरी कंपनीत प्रेस चालू होती, तिचा धप्प धप्प आवाज येत होता. छत्रपती संभाजीनगरजवळच्या कारखान्यांच्या वाळूजमध्ये ज्यांचं बालपण गेलंय त्यांना तो आवाज वेगळा ऐकू येत नाही. तो थांबला तरच जाग येते.

बीटलचं खरं नाव ॲबनर जेन्किन्स. मार्व्हलच्या 'स्ट्रेंज टेल्स'च्या १२३ व्या अंकात, ऑगस्ट १९६४ मध्ये, तो पहिल्यांदा आला. लेखक स्टॅन ली, चित्रकार कार्ल बर्गोस. जेन्किन्स हातांचा पक्का कारागीर, पण काम रोजचं तेच आणि कौतुक कुणाचंच नाही. मग तो आपल्या डोक्यातलं सगळं एका चिलखतात ओततो. पाठीवर धातूचे पंख, हातमोज्यांच्या बोटांना चिकटणाऱ्या वाट्या, आणि अंगात माणसापेक्षा कितीतरी जास्त जोर. नाव हवं, पैसा हवा, थोडी धमाल हवी, एवढीच मागणी. त्यासाठी तो ह्यूमन टॉर्च आणि थिंग या हिरोंशी भिडतो आणि हरतो. हरायलाच आलेला असतो म्हणा. त्या काळच्या अंकांत असे व्हिलन महिन्याला एक लागायचे आणि त्यातले बरेच कुठल्या ना कुठल्या कारखान्यातून, प्रयोगशाळेतून, नाहीतर तुरुंगाच्या वर्कशॉपमधून यायचे. शॉकर, १९६७ चा, त्यानं आपली हादरे देणारी हत्यारं तुरुंगाच्या वर्कशॉपमध्येच बनवली. त्याआधीचा स्टिल्ट-मॅन, १९६५ चा, मालकाकडचं हायड्रॉलिक तंत्र चोरून उंच पायांचा सूट करतो. व्हल्चर तर इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनिअर, भागीदारानं फसवलेला. एकापाठोपाठ एक वाचत गेलो की वाटतं, अमेरिकेतल्या टूलरूमा तेव्हा ओस पडल्या असतील.

आणि या सगळ्यांच्या थोडं आधी, मार्च १९६३ मध्ये, दुसरा एक माणूस लोखंडी सूट घालतो. टोनी स्टार्क, म्हणजे आयर्न मॅन. हाही यंत्रातलाच, हाही हुशार, यालाही धमाल हवीच असते. पण कारखाना याच्या स्वतःच्या मालकीचा आहे. तो शस्त्रं बनवून विकतो, सरकार त्याचं गिऱ्हाईक आहे, आणि तो हिरो आहे. पुढं १९८७-८८ च्या 'आर्मर वॉर्स'मध्ये त्याला कळतं की आपलं तंत्र चोरीला गेलंय आणि भलत्याच लोकांच्या सूटांत बसलंय. मग तो एकेकाला गाठून त्यांचे सूट निकामी करत सुटतो, सरकारी माणसांचेसुद्धा. त्याचं दुःख मला कळतं, आपल्या डोक्यातून निघालेल्या वस्तूनं माणसं मरावीत हे कुणालाच सहन होणार नाही. पण वाचताना मनात येतंच, की हाच हट्ट स्टार्कच्या फॅक्टरीतल्या एखाद्या फिटरनं धरला असता आणि 'ही कल्पना माझी होती, ती मला परत द्या' म्हणत निघाला असता, तर त्याला कुठल्या रंगाचे कपडे दिले असते? हिरवे-जांभळे. मार्व्हलमध्ये बऱ्याच व्हिलनांचा तोच रंग.

१९८५ साली बजाजचा कारखाना वाळूजला आला आणि त्याच्या मागोमाग सुटे भाग करणाऱ्या लहान-मोठ्या कंपन्यांच्या शेडा उभ्या राहिल्या. अंबडकडचं कोरडवाहू रान भावाच्या हवाली करून, जालन्याच्या आयटीआयचं फिटरचं सर्टिफिकेट पिशवीत घालून अण्णा तेव्हाच इकडं आले. सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीच्या टूलरूममध्ये लागले ते तिथूनच रिटायर झाले. त्यांच्या अंगाला कूलंटचा वास असायचा, दुधाळ, आंबूस, गोडसर. लाल साबणानं कितीही घासलं तरी नखांच्या कडेला काळी रेघ राहायचीच. कानस मारून मारून उजव्या तळव्याला घट्टा पडलेला, तो हात तापात कपाळावर ठेवला की खरखरीत लागायचा आणि बरं वाटायचं. सेकंड शिफ्टहून ते आले की मी झोपेतही ओळखायचो, आधी वास आत यायचा आणि मग चपलांचा आवाज.

मी पाचवी-सहावीत असेन तेव्हाची गोष्ट. एका पार्टला तिरकं भोक पाडायचं काम होतं आणि दर वेळी जॉब पकडायलाच फार वेळ जायचा. अण्णांनी फावल्या वेळात एक फिक्स्चर केलं. जॉब बसवला, एक खटका दाबला, की पक्का. काम झपाट्यानं होऊ लागलं, रिजेक्शन घटलं. त्याच्यासाठी घरी संध्याकाळी वहीच्या मागच्या पानांवर ते पेन्सिलनं काय काय काढत बसायचे, ती माझी गणिताची वही होती आणि बाईंनी त्याबद्दल मला उठाबशाही काढायला लावल्या होत्या. मग कंपनीत कायझेनचा, म्हणजे कामातल्या सुधारणांचा, कार्यक्रम झाला. बोर्डावर फोटो लागला तो साहेबांचा, पुढं सांघिक कार्य असं लिहिलेलं, आणि टूलरूममधल्या सगळ्यांना एकेक भिंतीवरचं घड्याळ. अण्णांनी ते घरी आणून खिळा ठोकून लावलं. आईनं विचारलं, "तुमचं नाव घेतलं का?" अण्णा म्हणाले, "घड्याळ चांगलं हाय." आणि जेवायला बसले.

मला फार राग आला होता.

त्या काळी औरंगपुऱ्यात फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या गठ्ठ्यांत 'इंद्रजाल'चे मराठी अंक मिळायचे, आमच्या गल्लीत एक मुलगा उन्हाळ्यात ते भाड्यानं द्यायचा. वेताळ माझा आवडता. पण त्या दिवसांत मला वेताळाचा उपयोग वाटेना, कारण तो नेहमी दुसऱ्यांच्या भांडणात पडायचा. मी रात्री पडल्या पडल्या अण्णांना चिलखत घालायचो. पत्र्याचं, रिव्हेट मारलेलं, खांद्यावर ग्राइंडिंगचं चाक. ते कंपनीच्या गेटातून आत जातात, वॉचमन बाजूला होतो, ऑफिसची काच फुटते, साहेब टेबलाखाली. पुढं काय होतं ते मी कधी ठरवू शकलो नाही, काच फुटेपर्यंतच मजा यायची. तीस वर्षांनी गच्चीवर बीटल वाचताना मला जी ओळख पटली ती ही. हा माणूस मी आधीच बनवला होता, आमच्याच घरात, आणि तो मला व्हिलन वाटलेला नव्हता.

अर्थात जेन्किन्सला माफ करावं असं मला वाटत नाही. त्याला कौतुक मिळालं नाही म्हणून त्यानं रस्त्यावरच्या माणसांचे जीव धोक्यात घालावेत, हे कुठलं गणित? त्याच्या शेजारच्या बेंचवर जो मुकाट्यानं बोल्ट आवळत होता त्यालाही कौतुक मिळालं नव्हतंच. पण माझ्या हे लक्षात राहतं की गोष्टीत त्याच्या कंटाळ्याला दोन-तीन चौकटी मिळतात आणि त्याच्या मार खाण्याला पानंच्या पानं.

या गोष्टीच्या चित्रकाराबद्दल वाचल्यावर तर मी चाटच पडलो. कार्ल बर्गोसनं १९३९ मध्ये, मार्व्हलच्या अगदी पहिल्या कॉमिकमध्ये, ह्यूमन टॉर्च निर्माण केला होता. पेट घेणारा कृत्रिम माणूस. तो खूप चालला. पुढं १९६१ मध्ये स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी 'फँटास्टिक फोर' काढलं तेव्हा तेच नाव, तीच आग एका नव्या पोराला दिली. आणि १९६४ मध्ये बर्गोस पानाच्या पैशांवर त्या नव्या टॉर्चची ही गोष्ट काढत होता. म्हणजे कारखान्यात कुणी ओळखत नाही म्हणून पेटून उठलेला मेकॅनिक, आणि त्याला हरवायला येणारी ती आग, दोन्ही काढणारा हात एकच, आणि आग मुळात त्याचीच. पुढं बर्गोसनं टॉर्चच्या हक्कांसाठी कोर्टाचा रस्ता धरला. त्याच्या मुलीनं सांगितलेली एक आठवण छापून आली आहे, की एके दिवशी त्यानं आपली सगळी जुनी कॉमिक्स घराबाहेर टाकून दिली. बीटल काढताना त्याच्या मनात यातलं काही होतं का, ते कोण सांगणार. कदाचित पानाचे पैसे आणि तारीख एवढंच असेल. पण जेन्किन्सच्या चेहऱ्याची ती चौकट मी मोठी करून बराच वेळ बघत बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी अण्णांनीच विषय काढला. रात्रभर त्यांच्याही डोक्यात चाललेलं दिसत होतं. नातवाला म्हणाले, "दाखव बरं ते चित्र." टॅब हातात घेऊन, ड्रॉइंग वाचतात तसं, डावीकडून उजवीकडं, मग वरून खाली बघितलं. मग प्रश्न सुरू झाले. वजन किती? मोटर कुठं बसवली? बॅटरी? गुडघ्याला जॉइंट कसा दिलाय, माणसाचा गुडघा बिजागरीवाणी एका पिनवर फिरत नसतो. आतल्या माणसाचा घाम कुठून निघतो, हे आपल्याकडं वैशाखात घातलं तर गडी दहा मिनिटांत आडवा. भाचा उत्तरं देऊन दमला. शेवटचा प्रश्न त्यांनी मला विचारला. "हीट ट्रीटमेंटला कुठं पाठवलं असंल त्यानं? का त्याच्या घरीच भट्टी होती?"

हसू आलं तरी त्यांचं खरं होतं. बीटल अवतरला त्याच्या पुढच्याच वर्षी, १९६५ मध्ये, जनरल इलेक्ट्रिक कंपनीनं खराखुरा असा सूट बनवायला घेतला होता, अमेरिकी लष्कराच्या पैशावर. नाव हार्डीमन. माणसानं आत उभं राहायचं आणि हायड्रॉलिकच्या जोरावर सुमारे ६८० किलो सहज उचलायचे, अशी कल्पना. त्या सांगाड्याचं स्वतःचंच वजन तेवढं भरलं. इंजिनिअरांचा ताफा वर्षानुवर्षं राबला आणि शेवटी नीट चालला तो एक हात, त्यानंही ठरल्याच्या निम्मंच उचललं. सगळा सांगाडा एकदम चालू केला की तो असा बेफाम झटके द्यायचा की आत माणूस उभा करून पुरता चालवायला कुणी धजलं नाही. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ते काम गुंडाळलं गेलं. हे सांगितल्यावर अण्णांचा चेहरा उजळला. "मंग! एका गड्याचं काम हाय का ते? टर्नर पायजे, वेल्डर पायजे, इलेक्ट्रिकवाला पायजे. एकट्यानं केलं म्हणनारा खोटं बोलायलाय."

आणि मग, बशीत चहा ओतता ओतता, सहज म्हणाले, "आपल्या त्या फिक्स्चरचं बी तसंच. खटक्याचं डोकं माझं नव्हतंच. ट्रेनी पोरगं होतं एक परतूरकडचं. त्यानं सायकलच्या स्टँडवरून सुचवलं. मी नुस्तं बसवलं."

मी विचारलं, नाव काय होतं त्याचं. अण्णांनी बराच विचार केला. आडनाव आठवेना, मग नावही आठवेना. सावळा होता, डबा आणायचा नाही, कॅन्टीनला जेवायचा, सहा महिन्यांनी ब्रेक दिला तेव्हा गेला, एवढं सापडलं. "तेव्हा सांगायला पायजे होतं साहेबाला," ते म्हणाले, आणि मग, "पर साहेबानं तरी काय केलं असतं." इतकी वर्षं मी ज्या रागाला पाणी घालत आलो होतो त्याच्या बुडाशी आणखी एक जण निघाला, आणि तो कुणाच्याच बोर्डावर नव्हता. आयर्न मॅनच्या पहिल्या गोष्टीतही असा एक आहे, प्रोफेसर यिनसेन. कैदेत स्टार्कच्या बरोबरीनं तो सूट बनवतो आणि स्टार्कला वेळ मिळावा म्हणून स्वतः मरतो. सूट मात्र स्टार्कचा.

मला खरं चिलखत घातलेला माणूस पहिल्यांदा दिसला तो शेतात. दिवाळीआधी गावी गेलो की कपाशी छातीला लागलेली असायची आणि काका पाठीवर फवारणीचा पंप घेऊन ओळीतून चालायचा. तोंडाला उपरणं, डोक्यावर गोणपाटाची खोळ, एका हातात दांडा खालीवर, दुसऱ्या हातात नळी आणि तिच्या टोकाला फुसफुसणारं धुकं. मागून बघितलं तर थेट कॉमिकमधला. आता पंप बॅटरीवरचे आलेत, दांडा मारावा लागत नाही, पण पंधरा-सोळा लिटरचं ओझं खांद्यावर तसंच आणि औषधाचा तो नाकात बसणारा उग्र वासही तसाच. या चिलखतातून बाहेरच्यापेक्षा आतल्यालाच जास्त लागतं. काकाच्या पाठीवर पंप गळायचा त्या जागी कातडी निब्बर आणि काळपट झालेली होती. त्यानंच पुढं भंगारातल्या सायकलचं कोळपं केलं, गावात तसली आणखी पाच-सहा झाली. कुणी केलं असं कुणी विचारलं नाही, त्यालाही विचारावंसं वाटलं नसावं. मी त्याच्या जागी असतो तर मला वाटलं असतं. शहरात वाढल्याचा परिणाम असेल, किंवा कॉमिक्सचा.

जेन्किन्सचं पुढं काय झालं ते भाच्याकडून कळलं. बरीच वर्षं तो स्पायडर-मॅनचा मार खात फिरला, सूट बदलले, १९८६ मध्ये पाच व्हिलनांची टोळी जमवून तिचा म्होरक्याही झाला. मग १९९७ ला 'थंडरबोल्ट्स' नावाची मालिका आली. त्यात काही व्हिलन जगाला फसवायला खोट्या नावांनी हिरो होतात. जेन्किन्सचं नाव होतं मॅक-वन. आणि गंमत अशी होते की यातल्या काहींना ते काम आवडायला लागतं, लोक टाळ्या वाजवतात, मुलं हात हलवतात. जेन्किन्स त्यातला एक. त्याला पुन्हा जुन्या धंद्याकडं जावंसं वाटत नाही. पण संघात नवा आलेला हॉकआय नावाचा हिरो अट घालतो, की बीटल असताना तुझ्या हातून एक खून झालाय, त्याची शिक्षा आधी भोग. आणि जेन्किन्स स्वतःहून तुरुंगात जातो. हे ऐकून मला त्याच्याबद्दल पहिल्यांदा आदर वाटला, आणि थोडं वाईटही वाटलं, की याला टाळ्या मिळायला एवढा फेरा घ्यावा लागला.

अण्णांना मात्र जेन्किन्समध्ये आता रस उरलेला नाही. भाच्यानं त्यांना नवा माणूस दाखवलाय, टिंकरर. मे १९६३ पासूनचा म्हातारा. बाहेर रेडिओ दुरुस्तीचं दुकान, आणि पुढच्या गोष्टींत मागच्या खोलीत व्हिलनांचे सूट दुरुस्त करणं. बीटलचा नवा सूटही त्याच्याच हातचा. स्वतः मारामारीत सहसा पडत नाही, कुणाचा पंख वाकला, कुणाची मोटर जळली, की हा काम करून देतो आणि पैसे मोजून घेतो. "हां, ह्यो फिटर!" अण्णा म्हणाले. रिटायर झाल्यापासून त्यांनीही मागच्या अंगणात पत्र्याची शेड टाकून एक वाइस, एक ड्रिल आणि जुना बेंच ग्राइंडर मांडलाय. गल्लीतल्या पिठाच्या गिरणीचा शाफ्ट, कुणाच्या पंपाचं नोझल, कुणाच्या शटरची कडी, सगळं तिथं येतं. लोक नीट झालेली वस्तू घेऊन "येतो अण्णा" म्हणून निघून जातात. परवा फोनवर अण्णा मला विचारत होते, तो टिंकरर पैसे काम झाल्यावर घेतो का आधी. मी म्हणालो, माहीत नाही, बघून सांगतो. मागून आईचा आवाज आला, "आधीच घेत असंल त्यो. ह्यांना बी सांग म्हणावं."